पालखी टेकेपर्यंत

अजून कुठं माईकची शिट्टी वाजली ना, शाळेत म्हणा, लग्नात म्हणा, की मी पहिली पोरीला उचलते नि बाहेर जायची वाट बघते. लोक हसतात. हसूदेत. दौलतनाना इथं असते तर हसले नसते, पाठीत एक धपाटा घातला असता नि बोलले असते, "बस खाली. घाबरायचा तर ताल चुकेल म्हणून घाबर."

नाना मारायचे. हा आधीच सांगते, नायतर मी त्यांचा नुसता चांगला चांगला सांगत बसेन नि तो खोटा होईल.

आमची वाडी उमरठच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीत, नि नानांचा घर आमच्या घराला लागून, मधी फक्त कमरेएवढा दगडांचा गडगा. मी लगीन होऊन आली तवा एकोणीस वर्षांची, आठवी शिकलेली, माणसांना बुजणारी. दुसऱ्याच दिवशी सकाळी गडग्यापलीकडून चट् असा आवाज आला नि पाठोपाठ आमच्या ह्यांचा, "आई गं!" मी हातातला तांब्या टाकून धावली. बघते तर आमचे हे गळ्यात ढोल घालून उभे, हळद अजून अंगावर, नि समोर एक काटकुळा म्हातारा, एका हातात सनई नि दुसऱ्या हातात ह्यांच्याच ढोलाची काठी.

"लगीन झाला म्हणून ताल सैल पडला काय रे संत्या?" एवढाच बोलले, हळू आवाजात, नि परत सनई तोंडाला. ह्यांच्या बोटांवर लाल वळ. नि हे, माझा नवरा, एमआयडीसीत मोठमोठे ड्रम उचलणारा गडी, गप मान खाली घालून परत वाजवायला लागले. मी दाराआड जाऊन रडली. मला वाटला, मी कुठल्या कसायांच्या वाडीत येऊन पडली.

आमच्याकडं खालुबाजा असतो. सनई, ढोल, टिमकी नि झांज, चार माणसांचा बाजा. तो नानांचा. महाड-पोलादपूर पट्ट्यात कुठं लगीन असो, पूजा असो, शिमग्याची पालखी असो, नानांना बोलावणा यायचा. आमचे हे शिफ्ट सांभाळून त्यांच्या ढोलावर. कंत्राटी नोकरी, कधी काढतील सांगता येत नाय, पण नानांनी सांगावा धाडला की हे अर्धी झोप मोडून उठायचे.

नाना बोलायचे कमी. का, तर तोंड सनईसाठी. तंबाखू नाय, सुपारी नाय, थंड पाणी नाय, गरम चहा नाय. चहा बशीत ओतून इतका निववायचे की वर साय धरायची. सकाळी राखेने दात घासायला बसले की नानी आतून ओरडायची, "घासा, घासा, हिरड्यांना भोका पडूदेत." रानात कोणी लांब दिसला तर हाक मारायचे नाय, धोंडा मारायचे. खराच सांगते. बाजूला पडेल असा मारायचे, पण एकदा माझ्या चुलत सासऱ्यांच्या पाठीत बसला.

"अरे दौलत्या, हाक मारली असतीस तर घसा झिजला असता काय तुझा?"

"झिजला असता," नाना बोलले.

म्हणायचे, तोंड खर्च करायचा नाय, बाकी कामाला देवाने हात दिलेत. नि हातांनी ते सगळा बोलायचे. टिमकीवाला चुकला, डोक्यात टपली. झांज मागं पडली, कानशिलात. नि मारताना सनई थांबायची नाय. एका हाताची बोटा भोकांवर, दुसरा हात फटक्याला, गाल फुगलेले, श्वास नाकातून आत चालूच, सूर तुटायचा नाय. बघणाऱ्याला वाटायचा की हा पण बाज्यातलाच एक प्रकार हाय.

नानीवर पण एकदा हात टाकला होता. माझ्या येण्याच्या आधीची गोष्ट, नानीनेच सांगितली, तांदूळ निवडता निवडता. कानाखाली मारली. ते अंघोळीला गेले नि हिने त्यांच्या सनईच्या सगळ्या पत्त्या, तोंडात धरून फुंकायच्या त्या, महिनोन् महिने घासून मुरवलेल्या, घेतल्या नि चुलीत घातल्या. वर भात ठेवला. दोन लग्ना नानांना सोडायला लागली. तवापासून नानीला हात नाय.

"पण कान गेला गो माझा," नानी हसत बोलली. "आता ह्यांची सनई एकाच कानाने ऐकते. अर्धी ऐकते, अर्धी माफ."

मी नाय हसली. मला तेव्हा पण नाना आवडले नाय, खरा सांगायचा तर. पोर झाल्यावर मी तिला गडग्याकडं जाऊ द्यायची नाय. म्हणायची, तो आजोबा मारतो. नि पोर हटकून तिकडंच जायची, नि नाना तिच्याकडं बघायचे पण नाय, नुसते पत्ती घासत बसायचे, नि ही त्यांच्या मांडीला टेकून बसायची.

त्यांची खरी ओळख म्हंजे पालखी. आमच्याकडं रीत हाय, पालखी खांद्यावर चढली की सनई चालू, नि पालखी सहाणेवर, देवाच्या दगडी चौथऱ्यावर, टेकली की सनई बंद. मधी थांबायचा नाय. थांबला तर देव अधांतरी राह्यतो. नि सनई चालू हाय तवर खांदेकऱ्यांनी पण पालखी टाकायची नाय. दोघा एकमेकांना बांधलेले. एका शिमग्याला मशालीच्या धुराने आंब्यावरचा आग्या माश्यांचा पोळा उठला. माणसा सैरावैरा, कोण शेतात, कोण विहिरीत. चार खांदेकरी नि नाना, एवढेच वाटेवर. नानांच्या डोळ्यांवर, ओठांवर, कानांत माश्या. सहाण तीन शेता लांब. वाजवत गेले. खांदेकरी रडत, शिव्या देत मागून.

"थांब रे भाड्या, थांब, आम्हाला पळूदे!"

नाना थांबलेच नाय. पालखी टेकली तेव्हा सनई खाली घेतली नि तिथंच पडले. तीन दिवस डोळे उघडले नाय. त्या चौघांतला एक माझा सासरा. ते अजून सांगतात, "माश्यांनी नाय मारला आम्हाला, दौलत्याने मारला." नि सांगताना छाती फुगलेली असते.

तर हा माणूस. नि गेल्या थंडीत महाडला एका नव्या मंडळाने मैदानात सात दिवसांचा गाण्यांचा सोहळा ठेवला. मोठा स्टेज, रोज नवा कार्यक्रम, मुंबईचे गायक, टीव्हीवरची पोरा, नि रोज सुरवातीला दहा मिनिटा आमचा खालुबाजा. नानांनी नवा सदरा शिवला. दहा मिनिटा वाजवायचे नि मंग घरी यायचे नाय, स्टेजच्या बाजूला उभे राहून शेवटपर्यंत ऐकायचे. नि सकाळी गडग्याशी येऊन, इतकी वर्षा तोंड न खर्चणारा माणूस, मला सांगायचे. मी भाकऱ्या थापतेय नि हे बोलतायत. मी घाबरून हूं हूं करायची.

पहिल्या दिवशी ऑर्केस्ट्रा होता. "चांगले हायत," बोलले. "पण सगळे एकमेकांकडं पाठ करून वाजवतात. भांडान झालेल्या भावांसारखे."

दुसऱ्या दिवशी एक मोठी गायिका आली. पब्लिक वेडा झाला. नाना सकाळी आले ते चिडलेले. "ती गातच नव्हती."

"म्हंजे?"

"तोंड हलत होता. गळ्याची शीर हालत नव्हती. गाणारा माणूस मी मानेवर ओळखतो. गाणा मशीनमधी होता, ती नुसती जबडा हालवत होती. गुरासारखी."

"मंग लोकांना नाय समजला?"

"लोकांना पायजेल काय, गाणा का बाई?"

तिसऱ्या दिवशी लावणीची पार्टी. त्या दिवशी नाना खूश. ढोलकीवाल्याचे हात हातात घेऊन बघून आले होते म्हणे. "हाताला पानाएवढी जाड कातडी. असा हात पायजेल. संत्याचा होईल अजून दहा वर्षांनी, मेला नाय माझ्या हातून तर."

हा त्यांनी ह्यांच्याबद्दल बोललेला एकच चांगला शब्द. मी ह्यांना सांगितला तर हे दोन दिवस हवेत.

चौथ्याला टीव्हीवरची एक लहान पोर गायली. "पोर गात होती समोर, नि विंगेत तिची आई ओठ हालवत होती. पोरीचा एक सूर चुकला तर आईने असे डोळे काढले ना..." मंग बोलले, "मी पण असाच दिसत असेन काय गो?" मी भाकरी उलटली.

पाचव्याला डीजे. "कानात नाय वाजत, छातीत वाजतो. कोणी ठोसे मारल्यासारखा. नि पोरा मार खायला पुढं पुढं जातात." त्यांनी माझ्याकडं बघितला. "आज आयतवार हाय. तू पण ये. पोरीला आण. आज आमची पालखी हाय स्टेजवर."

माझ्या मनात नव्हता. पण नानांनी स्वतःहून बोलावला, नाय कोण म्हणणार.

सहाव्या दिवशी मी पोरीला घेऊन पहिल्या रांगांच्या बाजूला, बायकांमधी बसली. दिवेलागणीची वेळ. कोणी मोठा पाहुणा आलेला, गळ्यात हार. नि मंडळाच्या पोरांनी फेटे बांधून एक पालखी आणली. थर्माकोलची, प्लास्टिकची फुला, आत प्लास्टरचा देव. शोभेची. चार पोरांनी ती खांद्यावर घेतली नि पुढं नानांनी सनई लावली. आमच्या ह्यांचा ढोल असा घुमला की पोर माझ्या मांडीवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

स्टेजवर आले. फोटो झाले. नि पोरांनी पालखी टेकवलीच नाय. पाहुण्यांच्या मागं शोभेला खांद्यावर धरून उभी राह्यली.

माईकवाला बोलला, "धन्यवाद, खालुबाजा, धन्यवाद."

नाना वाजवतच राह्यले.

"धन्यवाद! आता आपल्याला दोन शब्द..."

नाना वाजवतायत. डोळ्यांनी त्या पोरांना खुणावतायत, खाली, खाली. पोरांना वाटला म्हातारा रंगात आला, ती हसायला लागली. लोक पण हसले. पाहुणा पण पहिला हसला. मंग घड्याळ बघितला.

आता कोणी म्हणेल, एकदा सनई तोंडातून काढायची नि सांगायचा, बाबांनो पालखी टेकवा. दोन शब्द. पण तेच तर करता येत नव्हता. सनई काढली तर देव अधांतरी. मग तो प्लास्टरचा का असेना. आमच्या ह्यांनी ओरडून सांगितला, "पालखी टेकवा रे! खाली ठेवा!" पण ढोलात कोणाला काय ऐकू येतो. माईक बंद केला. नाना विनामाईकचे वाजवतायत. नि मंडळाच्या मुख्य माणसाचा पुतण्या, जिममधला अंग, पुढं आला. खांद्याला धरून हालवला. नाना हालले नाय. त्याने चारशे लोकांसमोर आपला अपमान झाला असा तोंड केला, नि तळहाताने सनईच्या पितळी तोंडावर समोरून दणका दिला.

सनई नानांच्या तोंडात घुसली.

तो आवाज मी कोणाला सांगू शकत नाय. सूर नि दात एकदम तुटले.

रगात पांढऱ्या सदऱ्यावर धारेने. नाना गुडघ्यावर. नि त्या पुतण्याने आता लाथेला पाय उचलला, नि आमच्या ह्यांनी ढोलाची काठी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यात घातली. एकदाच. तो आडवा पडला तो वायरींवर, नि स्टेजचे सगळे दिवे गेले.

मंग काय झाला नि काय नाय. अंधार, खुर्च्या उडतायत, बायका किंचाळतायत, कोणाचा तरी बूट माझ्या हातावर, मी पोरीला छातीखाली घेऊन जमिनीला चिकटलेली, तोंडात माती, पोर श्वास घेतेय का नाय कळत नाय, मी तिला चिमटा काढला, ती रडली, मला बरा वाटला. पालखी टाकून पोरा पळाली, ती कोणीतरी तुडवली, थर्माकोल पायाखाली करकर वाजत होता. कोणी तरी माझा दंड धरून ओढला. मी चावली. हे होते.

एका मोटरसायकलवर चौघा. पुढं हे, मधी नाना, मागं मी पोरीला घेऊन, नि नानांचा तोंड माझ्या पदराने दाबून धरलेला. दवाखान्यात ओठाला टाके घातले. वरचे समोरचे दोन दात गेलेले, तिसरा हालतोय. डॉक्टर बोलला, "आजोबा, आता सनई विसरा."

सकाळी उठते तर ओटीवर नाना बसलेले. तोंड भोपळ्यासारखा सुजलेला. आमच्या ह्यांना मोबाईलवर कळला होता, तो जिमवाला पोरगा शुद्धीवर नाय, पनवेलला नेलाय, तक्रार झालीय, पोलीस निघालेत. हे भिंतीला टेकून बसलेले. मी पोरीला पाजत होती नि माझा दूध येत नव्हता.

नानांनी हाताने ह्यांना जवळ बोलावला. टाक्यांमधून, एकेक शब्द. "काठी मी हिसकून घेतली. मी मारली."

"नाना, नाय हां. मी मारली. मी सांगणार."

"अंधारात कोणी बघितला?"

"दिवे नंतर गेले नाना, लोकांनी बघितला..."

"गर्दीत बघणारा प्रत्येक जण वेगळा बघतो. माझा तोंड गेला. आता मी घरात काय नि आत काय. तुझे हात हायत अजून." ओठातून रगात यायला लागला बोलता बोलता. "हात वाचव."

जीप आली. दोन पोलीस, एक साहेब. "संतोष कोण? ढोलवाला?"

नाना उभे राह्यले. "मारणारा मी. त्याची काठी मी घेतली."

साहेबाने वरून खाली बघितला. "म्हाताऱ्या, तू? तुझ्यात जोर कुठला?"

"विचारा वाडीत," नाना बोलले. "किती जणांना मारलाय मी."

नि खरा, गडग्यावर जमलेली माणसा, त्यांतला प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या हातचा खाल्लेला. माझा सासरा पुढं आला, डोळ्यांत पाणी, नि बोलला, "मारतो साहेब. ह्याचा हात लय वाईट हाय."

तेवढ्यात आमचे हे पुढं झाले. "साहेब, नाना खोटा..." नि नानांनी ह्यांच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की हे ओटीवरून खाली गेले. पोलीस पण दचकले. साहेब बोलला, "बरोबर. हाच हाय. घ्या ह्याला."

नि मी काय केला? मी मागून ह्यांचा शर्ट धरला नि तोंडावर हात दाबला. नवऱ्याच्या तोंडावर. हे सुटायला बघत होते नि मी सोडला नाय. पोर कडेवर रडतेय नि मी दाबून धरलाय. जीप वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. तवाच सोडला. नानी दारात उभी होती. ती माझ्याकडं बघून बोलली, "तुझी पोर लहान हाय गो, म्हणून. नायतर मी बोलली असती." नि आत गेली.

तो पोरगा वाचला. दहा-बारा दिवसांनी बोलायला लागला. त्याला स्वतःला पण आठवत नाय कोणी मारला. पण केस लागली ती लागलीच. नाना जामिनावर सुटले नि त्यांच्या मुलीने त्यांना नि नानीला विरारला नेला. घराला कुलूप. शिमग्याला पालखीपुढं दुसऱ्या गावचा सनईवाला आणला, बरा होता, मधी मधी थांबून पाणी पीत होता. आमच्या ह्यांनी ढोल घेतलाच नाय. माळ्यावर टाकला. मी बोलली, वाजवा. तर बोलले, "कुठल्या तोंडाने वाजवू." नोकरीवर जातात, येतात, जेवतात.

मंग परवाची ती तारीख. महाडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही नानांना भेटलो. किती बारीक झालेले. बाकावर बसून चहात बेकरीचा कडक बटर बुडवून, मऊ करून खात होते. वरचा ओठ आत गेलेला. पोर धावत जाऊन त्यांच्या मांडीला टेकली. त्यांनी तिला अर्धा बटर दिला. आमचे हे पाया पडले, तसे नानांनी ह्यांचा हात धरला. सोडला नाय. उलटा केला, तळवा वर. बोटांची मुळा अंगठ्याने चाचपली, एकेक, दुसऱ्या हाताची पण.

"मऊ झालेत," बोलले.

हे हात मागं घ्यायला बघत होते.

"सोडलास काय रे?"

ह्यांनी मान हालवली. नानांचा हात वर गेला. तो मी ओळखते, सगळी वाडी ओळखते, तो वर गेला की कुठं येऊन बसणार ते. हे पण डोळे मिटून तसेच उभे राह्यले, गाल पुढं करून. नि मी, मी देवाशप्पथ सांगते, मनात बोलली, मारा नाना, मारा त्यांना, एक जोरात मारा.

हात तसाच वर थांबला, नि खाली आला. नानांनी पोरीच्या फ्रॉकवरचा बटरचा भुगा झटकला.

आतून शिपायाने नाव पुकारला. नाना उठले, सदरा खाली ओढला, "हजर" बोलले नि आत गेले.